कणांवरची कल्हई

भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. ‘भाना’ म्हणजे पितळ, त्यावरून भानारा आणि पुढे भंडारा, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की कळकतं, म्हणून कल्हईवाला दारात भाता मांडून बसायचा. भांडं चांगलं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन पसरवत न्यायचा. मिनिटाभरात पिवळं पातेलं आतून चांदीसारखं. भांडं तेच, धातू तोच; ताकाला मात्र आता पितळेचा पत्ता लागत नाही.

कॅन्सरचं औषध वाहून नेणाऱ्या नॅनोकणांवर गेली चाळीसेक वर्षं जे काम चाललं आहे, ते या कल्हईचंच. कणाच्या पोटात काय भरायचं हे बव्हंशी ठरलेलं आहे. वाद आहे तो वरच्या थराचा. कोणता थर दिला तर रक्ताला कण ओळखू येणार नाही? आणि त्याच थरावर कोणती खूण लावली तर कॅन्सरच्या पेशीला तो नेमका ओळखू येईल? लपायचंही आणि ओळखही द्यायची, या दोन्ही गोष्टी एकाच पृष्ठभागाकडून मागायच्या, इथेच खरी मेख आहे.

हा प्रश्न आपल्या दारात कसा

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा भंडारा-नागपूर-गडचिरोली पट्ट्यात टपरीटपरीवर समोर करून मिळतो. त्यामुळे इथे कॅन्सर म्हटलं की आधी तोंडाचा आठवतो. रुग्ण वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून गाडी पकडतो किंवा एसटीने साठेक किलोमीटर जाऊन नागपूर गाठतो. तिथे बहुधा शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनसारखं औषध. सिस्प्लॅटिन शिरेतून गेलं की गाठीपर्यंत पोचतं, तसंच मूत्रपिंडापर्यंत आणि कानाच्या आतल्या नाजूक पेशींपर्यंतही. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध केस घालवतं आणि मात्रा वाढत गेली की हृदयावर घाव घालतं. औषध गाठीतच का उतरत नाही, हा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांना पहिल्या सलाईनच्या वेळीच पडतो. संशोधकांनाही तोच पडला आहे.

जिल्ह्यातल्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांना तो सातव्या सत्रात ‘नॉव्हेल ड्रग डिलिव्हरी सिस्टिम्स’ या विषयात भेटतो. लिपोसोम, निओसोम, नॅनोकण, मोनोक्लोनल अँटिबॉडी, सगळं एकाच घटकात. पुस्तकातल्या आकृतीत कणाला बाणासारखी टोकं असतात आणि ती अचूक कुलपात बसतात. प्रत्यक्षात काय झालं, ते थोडं वेगळं आहे.

इथवरची वाट

रोगजंतूला मारेल पण माणसाला धक्का लावणार नाही अशी ‘जादूची गोळी’ ही कल्पना जर्मनीच्या पाउल एर्लिख यांची; त्यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं. तिला वाहन मिळालं १९६०च्या दशकात. इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी दाखवलं की विशिष्ट स्निग्ध पदार्थ पाण्यात घातले की आपोआप पोकळ फुगे तयार होतात. हेच लिपोसोम. त्यांत औषध भरता येतं, हे लवकर लक्षात आलं. पण असा उघडा फुगा रक्तात सोडला की रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात, आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी ते चिन्ह ओळखून त्याला गिळून टाकतात.

तेव्हा पहिली कल्हई आली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग. हे लांब, लवचिक धागे कणावर गवतासारखे उभे केले की त्यांच्याभोवती पाणी धरून राहतं आणि प्रथिनांना बसायला जागा सापडत नाही. प्रथिनांवर पेग चढवण्याचं काम १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. तीच युक्ती लिपोसोमवर आली. इस्रायलमधल्या बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांच्या कामातून उभं राहिलेलं डॉक्सिल १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सुमारे १०० नॅनोमीटरचा फुगा, वर पेगचे धागे, आत डॉक्सोरुबिसिन. फुग्यात आधी अमोनियम सल्फेट भरून ठेवतात आणि त्याच्या ओढीने औषध आत शिरून साचतं. (कल्हईवाल्याचा नवसागरही अमोनियमचाच क्षार. योगायोग, पण मजेचा.) साधं डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांत रक्तातून शरीरभर पांगतं, या फुग्यातलं दोन-तीन दिवस फिरत राहतं.

कण फिरत राहिला तरी गाठीतच का उतरावा, याचं उत्तर जपानमधून आलं. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलं की गाठीच्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला लसिकेचा निचरा तुंबलेला असतो. मोठा कण तिथे झिरपतो आणि अडकतो. पुढची दोन दशकं जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधाची सुरुवात याच वाक्याने होत असे.

नुसता थर पुरे, असं म्हणणारे

एक बाजू म्हणते, कणाला लपवा, योग्य आकाराचा ठेवा, बाकी काम गाठीची गळकी नळी करेल. तिच्या बाजूने बाजारातली औषधं बोलतात. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये लिपोसोममधलं आणि साधं डॉक्सोरुबिसिन यांची थेट तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार रोखण्यात दोन्ही सारखी ठरली, पण हृदयाला होणारी इजा लिपोसोममध्ये खूपच कमी होती. २००५ मध्ये आलेल्या अ‍ॅब्रॅक्सेनमध्ये पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनात बांधलेलं आहे. त्यामुळे जुन्या औषधातलं, ॲलर्जी करणारं द्रावक वगळता आलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये जेमसिटाबिनला त्याची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेलं.

नीट वाचलं तर हा फायदा मुख्यतः सोसण्याचा आहे. लपलेला कण हृदयाला वाचवतो, पण तळहात-तळपायांत साचून तिथली कातडी लाल करतो, सोलवटतो. विषारीपणा गेला नाही, त्याने घर बदललं. हे यश खरं आहे, मोलाचंही आहे, फक्त त्याला ‘नेमका मारा’ म्हणणं अंमळ जास्त होतं.

पत्ता लावा, असं म्हणणारे

दुसऱ्या बाजूला नुसतं लपणं अपुरं वाटतं. पेगच्या काही धाग्यांच्या टोकाला त्या खुणा बसवतात: फोलिक ॲसिड, कारण अनेक गाठींच्या पेशी ते अधाशासारखं ओढतात, लोह वाहणारं ट्रान्सफेरिन, हर-२ किंवा ईजीएफआर या रिसेप्टरवर बसणारी अँटिबॉडी, प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए ओळखणारा छोटा रेणू. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर ईजीएफआर बहुधा भरपूर असतो, म्हणून आपल्याकडच्या प्रयोगशाळांचा ओढा तिकडे.

तत्त्व पटणारं आहे, पण २००६ मध्ये किर्पोटिन आणि सहकाऱ्यांनी एक बारीक गोष्ट दाखवली. हर-२ची खूण लावलेले आणि न लावलेले लिपोसोम उंदरांच्या गाठीत जवळपास सारख्याच प्रमाणात पोचले. फरक पडला तो पुढे: खूण असलेले पेशीच्या आत शिरले, नसलेले बाहेरच घोटाळत राहिले. म्हणजे पत्ता गाव शोधून देत नाही. गावात आल्यावर दार उघडून देतो. माझ्या मते या सगळ्या साहित्यात सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

माणसांतल्या चाचण्या कडू निघाल्या. पीएसएमएची खूण असलेला, डोसेटॅक्सेल भरलेला बाइंड-०१४ मोठ्या अपेक्षेने आला. त्याची कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. हर-२ची खूण असलेला लिपोसोम एमएम-३०२ ज्या चाचणीत होता, ती त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये फायदा दिसण्याची चिन्हं नाहीत म्हणून थांबवली गेली. चाचण्यांतले सगळेच कण हरले असं नाही. पण खूण लावलेला एकही नॅनोकण अमेरिका-युरोपच्या नियामकांकडून कॅन्सरवर नियमित मान्यता मिळवून बसलेला नाही, हे इतक्या वर्षांनंतरचं चित्र आहे.

पाणी कुठे मुरतं

अपयशाची तीन कारणं पुढे येतात आणि तीन गट त्यांवर भांडतात.

पहिलं, रक्त कल्हईवर स्वतःची कल्हई चढवतं. कण रक्तात उतरताच त्यावर प्रथिनांचं कडं बसतं. २०१३ मध्ये साल्व्हाती आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रान्सफेरिन लावलेले कण साध्या द्रावणात पेशींना ओळखतात, पण रक्तातली प्रथिनं त्यांवर बसली की ती ओळख पुसली जाते. याला उलट बाजूही आहे. २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे आरएनएचं औषध यकृतात पोचतं, ते कणावर रक्तातलं अ‍ॅपोलिपोप्रोटीन-ई बसतं म्हणूनच. म्हणून काही जण म्हणतात, रक्ताशी भांडू नका, कोणतं प्रथिन बसवून घ्यायचं तेवढं ठरवा.

दुसरं, पेगही आता अनोळखी राहिलेलं नाही. काही माणसांच्या रक्तात पेगविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, आणि जनावरांत दुसरी मात्रा पहिलीपेक्षा झपाट्याने रक्तातून नाहीशी झाल्याचं दिसलं आहे. पेगला पर्याय म्हणून झ्विटरआयनिक थर आणि लाल पेशींचं आवरण असे प्रयत्न चालू आहेत. मोठ्या चाचणीत कोणाचीच कसोटी अजून लागायची आहे.

तिसऱ्या कारणाने खळबळ माजवली. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून मांडलं की टोचलेल्या मात्रेपैकी मध्यम हिशेबाने केवळ ०.७ टक्के गाठीत पोचते. दोन वर्षांनी त्याच गटाने आणखी आत जाऊन मोजलं. प्रत्यक्ष कॅन्सरच्या पेशीपर्यंत दहा लाखांत चौदाहूनही कमी कण. २०२० मध्ये त्यांनी गळक्या नळ्यांचीच गोष्ट धोक्यात आणली: गाठीत शिरणारे ९७ टक्के कण फटींतून झिरपत नाहीत, वाहिनीच्या पेशीच त्यांना उचलून पलीकडे नेतात.

दुसरा पक्षही वजनदार आहे. त्याच २०२० मध्ये प्राइस, झाम्बोनी आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रयोगांचा नवा हिशेब केला. गाठ जेमतेम ग्रॅमभराची, उंदीर वीसेक ग्रॅमचा. मग मात्रेचा किती टक्के भाग गाठीत गेला हे मोजणं म्हणजे पसाभर तांदळात भरलेल्या पोत्याचा हिस्सा शोधणं. औषधशास्त्रात गाठीला औषध किती वेळ आणि किती तीव्रतेने भेटलं हे मोजतात, आणि त्या मापाने चित्र बरंच बरं दिसतं. मला हा आक्षेप पटतो. पण तोही उंदरावरचाच हिशेब आहे. वाद मिटलेला नाही.

माणसात मोजलेलं

माणसाच्या गाठीत प्रत्यक्ष मोजलेले आकडे फार थोडे आहेत, आणि त्यांतला एक आपल्या भागासाठी मोलाचा. २००१ मध्ये लंडनमध्ये हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी इंडियम भरलेले पेग-लिपोसोम १७ रुग्णांना दिले आणि ते कुठे जातात हे कॅमेऱ्याने पाहिलं. पंधरा जणांच्या गाठी दिसल्या. सर्वांत जास्त साठा डोके-मानेच्या गाठींत आढळला, सर्वांत कमी स्तनाच्या. दोन्हींत सरासरीने सहा पटींच्या आसपास फरक. म्हणजे गळक्या नळ्या माणसातही असतात, सगळीकडे सारख्या नसतात एवढंच. तोंडाचा कॅन्सर ज्या कुळातला, ते कुळ या कणांना त्यातल्या त्यात अनुकूल दिसतं. रुग्ण मात्र मूठभर होते. पुढे एमएम-३०२ वर तांब्याचा किरणोत्सारी समस्थानिक लावून पाहिलं, तेव्हा एकाच बाईच्या दोन गाठींतही साठ्यात फरक दिसला. यातून निघणारी सूचना अशी की आधी चित्र काढा, ज्याच्या गाठीत कण जातो त्यालाच औषध द्या. बोलायला सोपी, जिथे पेट स्कॅनलाच नागपूरला जावं लागतं तिथे अमलात आणणं अवघड.

शेजारच्या वाटा

या काळात वाहन छोटं करणाऱ्यांनी बाजी मारली. अँटिबॉडी सुमारे दहा नॅनोमीटरची. तिलाच थेट औषध जोडलं. हर-२वरचं ट्रास्टुझुमॅब एमटान्सीन २०१३ मध्ये आणि ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान २०१९ मध्ये मंजूर झालं. पीएसएमएची हकीगत तर बोलकीच आहे. ज्या पत्त्यावर बाइंडचा कण पोचू शकला नाही, तिथे ल्युटेशियम-१७७ बांधलेला छोटा रेणू पोचला आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यही झाला. हे ल्युटेशियम आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. कणवाल्यांचं उत्तर असं की अँटिबॉडीवर चार-आठ रेणू बसतात, कणात हजारो. आणि आरएनएसारखा नाजूक माल कणाशिवाय जाणारच नाही. पुण्याच्या जेनोव्हाच्या जेमकोव्हॅक या लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीतली परवानगी मिळाली. तिच्यात आरएनए कणाच्या पोटात नसून पृष्ठभागावर चिकटवलेला आहे, आणि ती साध्या फ्रिजच्या तापमानात टिकते. पृष्ठभागाचं शास्त्र इथे कामी आलं, कॅन्सरच्या बाहेर.

टाटा मेमोरियलने तिसरीच वाट दाखवली. डोके-मानेच्या कॅन्सरच्या ४२२ रुग्णांमध्ये तोंडाने घ्यायच्या मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबने शिरेतल्या सिस्प्लॅटिनपेक्षा थोडं जास्त आयुष्य दिलं, ६.१ महिन्यांच्या जागी ७.५, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे अशाच तोंडी औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध नेहमीच्या मात्रेच्या छोट्याशा भागात, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, देऊन वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. कोणतीही कल्हई नाही. नवा कण आणणाऱ्याला आता या स्वस्त गोळ्यांशीही तुलना करून दाखवावी लागेल.

महाराष्ट्रातलं काम

आपल्याकडे कण बनवणारे हात कमी नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले. २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये ते छापून आलं. त्यानंतर तुळस, कडुनिंब, शेवगा, परसातलं झाडून सगळं उकळून झालं. कण बनतात, प्लेटमधल्या पेशी मरतात आणि निबंध तिथे संपतो. रक्तात तो कण टिकतो का, हे विचारणारे निबंध मोजके. सुवर्णभस्मालाही नॅनो म्हणण्याची हौस आहे. भस्मात बारीक कण सापडतात हे खरं, पण त्यावर कुणी पत्ता लिहिलेला नाही.

औषध उद्योगाची बाजू भक्कम आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तिथे तात्पुरतं आयात झालं. पुढच्या वर्षी सन फार्मालाच डॉक्सिलच्या पहिल्या जेनेरिकची मान्यता मिळाली. पण लिपोसोमचं जेनेरिक म्हणजे पॅरासिटामॉलचं जेनेरिक नव्हे. रक्तातलं एकूण औषध सारखं आलं तरी फुग्यात किती आणि मोकळं किती, हे वेगळं मोजावं लागतं. २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग, केंद्रीय औषध नियामक आणि आयसीएमआर यांनी मिळून नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक सूचना काढली. पृष्ठभागाचा भार, थराची जाडी, प्रत्येक बॅचमधलं सातत्य हे सगळं आता दाखवावं लागतं. छोट्या प्रयोगशाळेला हे जड जातं, तरी ते टाळता येण्यासारखं नाही.

हाताला लागणारी गाठ

तोंडाच्या कॅन्सरचा एक फायदा आहे: गाठ दिसते, हाताला लागते. मग रक्तातून फेरा कशाला? फ्रान्समध्ये हॅफ्नियम ऑक्साइडचे, ऋणभारित थर दिलेले कण थेट गाठीत टोचून वर रेडिएशन देतात. मऊ ऊतींच्या सार्कोमासाठी त्यांना युरोपात २०१९ मध्ये परवानगी मिळाली, आणि सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या ज्येष्ठ डोके-मान रुग्णांमध्ये मोठी चाचणी सुरू आहे. अमेरिकेत प्रिव्हो टेक्नॉलॉजीजने कायटोसानच्या कणांत सिस्प्लॅटिन भरून त्याची पट्टी केली. कोळंबीच्या कवचातून मिळणारं कायटोसान धनभारित, तोंडातला श्लेष्म ऋणभारित, म्हणून पट्टी चिकटते. २०२२ मध्ये छापलेल्या थोड्याशा रुग्णांत शस्त्रक्रियेआधी गाठ आटली आणि रक्तात औषध अगदी कमी उतरलं.

आपल्याकडे यात दोन अडचणी. सुपारीने तोंड आखडलेल्या माणसाच्या जबड्यात कधी दोन बोटंही जात नाहीत; पट्टी लावायची कुठे? आणि आखडलेली, दोरखंडासारखी झालेली ऊती कणांना पुढे सरकू देते का, यावर माणसांतला पुरावा हवा आहे. शिवाय बरेच रुग्ण येतात तेव्हा आजार मानेच्या गाठींत उतरलेला असतो आणि पट्टीची हद्द संपलेली असते.

जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उघडण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. लिपोसोमचं औषध तिथे द्यायचं तर ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागेल, गोठू द्यायचं नाही, आणि मिठाच्या सलाईनऐवजी ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळावं लागेल.

फार्मसीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एक विनंती. पुढचा कण बनवाल तेव्हा तो फॉस्फेट बफरमध्ये तपासून थांबू नका. नीतिसमितीची परवानगी घेऊन माणसाच्या रक्तद्रवात तासभर ठेवा, मग बघा त्याचा पत्ता अजून वाचता येतो का. न वाचता आला, तर तेही छापा.